तळची पायरी

बाल्टिमोर,
९ मार्च १९९१

ती. थॅडियसदादा यास,
टीनीचा सा. न. वि. वि.

पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी खुर्ची शोध. आपलं जुनं घर भाड्याने मिळतंय. सगळं नाही, तळमजला. झोपायच्या दोन खोल्या, नवं स्वयंपाकघर, आणि मागे आपण कोळसा ठेवायचो तिथे आता चकचकीत न्हाणीघर. मालकीण हॅडवे नावाची विधवा आहे. तिने हिंडून सगळं दाखवलं आणि मी परक्यासारखी तोंड मिटून पाहिलं. मी पाऊण तास गप्प राहिले, यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण हे खरं आहे.

बैठकीच्या खोलीतल्या विटा त्यांनी उघड्या केल्यात. आईने तीस वर्षं गिलावा लावून, वर फुलाफुलांचा कागद चिकटवून ज्या विटा झाकल्या, त्याच आता घराचा दागिना म्हणे! आई असती तर तिने त्यांच्यावर चादर टाकली असती. गल्ली मात्र तशीच निवांत आहे. फळवाला अजून घोडागाडी घेऊन येतो आणि अजून तितकाच बेसूर ओरडतो.

आता मुद्द्याचं. वहिनी गेल्यापासून तू क्लीव्हलँडला डब्यातलं सूप पिऊन दिवस काढतोस, असं तुझ्या शेजारणीने मला कळवलंय. मी शाळेतून निवृत्त झाले आहे. खोल्या दोन, माणसं दोन. माझ्या एकटीच्या पेन्शनवर हॅडवेबाई घर देणार नाहीत. करारावर तुझंही नाव हवं. एक एप्रिलपर्यंत त्या थांबतील. मला त्या घरात राहायचंय, दादा, आणि तुझ्यासोबत राहायचंय.

नाही म्हणायचं असेल तर कमी शब्दांत म्हण. तुझी भाषणं मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
टीनी


क्लीव्हलँड,
१६ मार्च १९९१

चि. टीनी हिस,
अ. उ. आ.

कमी शब्दांत: नाही. आता जास्त शब्दांत.

ते घर बाबांनी विकत घेतलं होतं. गल्लीतून रुंद रस्ता जाणार असा सरकारी कागद आला, बाबांनी घर रिकामं केलं, आणि तो रस्ता आजतागायत आलेला नाही. जो रस्ता कधी झालाच नाही, त्याने आपल्याला रस्त्यावर आणलं! मग तीच घरं रंगवून, सजवून, ऐतिहासिक म्हणून पाटी लावून भाड्याने द्यायची, आणि ज्यांचा इतिहास पुसला त्यांनीच रांगेत उभं राहायचं? ज्या दाराची किल्ली बाबांच्या खिशात खुळखुळत होती, ती मी मालकिणीच्या हातून घेऊ? पोलाद कारखान्याच्या फाटकावर मी तीस वर्षं कामगारांना ताठ उभं राहायला शिकवलं, ते काय म्हातारपणी वाकण्यासाठी?

पुरावा हवा तर दारातली तळची संगमरवरी पायरी बघ. दर शनिवारी आई गुडघे टेकून, पांढरी पूड टाकून ती दगडाने घासायची. पायरीच्या मधोमध जो खळगा आहे, तो आपल्या पायांनी आणि तिच्या हातांनी पडलाय. कुठल्याही कचेरीतल्या कागदापेक्षा तो खळगा मोठा दस्तऐवज आहे. हे वाक्य मी शंभर सभांत म्हटलंय आणि एकदाही टाळ्या चुकल्या नाहीत.

ती पायरी जागेवर आहे का, एवढंच कळव. फेकली असेल तर त्या घराचं नाव पुन्हा काढू नकोस. आणि असली, तरी भाडेकरू म्हणून मी तिच्यावर पाय ठेवणार नाही.

राग घरावर आहे. लोभाला धक्का लागलेला नाही, तो तसाच असू द्यावा.

दादा

ता. क. सूप डब्यातलं असलं तरी मी ते गरम करून पितो, असं त्या चोंबड्या बाईला सांग.


बाल्टिमोर,
२३ मार्च १९९१

ती. दादा यास,
सा. न. वि. वि.

पायरी जागेवर होती. गुरुवारपर्यंत.

तुझं पत्र पर्समध्ये घालून मी गल्लीत गेले, तर कुचेरा नावाचा गवंडी पहारी घेऊन दारात उभा. हॅडवेबाई म्हणाल्या की खळग्यात पाणी साचून बर्फ होतो, एखाद्याचं कंबरडं मोडेल, म्हणून दगड उलटा करून सपाट बाजू वर घेतोय. इथे जुन्या पायऱ्यांचं असंच करतात. मग माझं तोंड उघडलं. मी कोण, बाबा कोण, तो खळगा कोणाचा, सगळं त्या फुटपाथवर उभं राहून सांगितलं. तुझं दस्तऐवजाचं वाक्यही वापरलं. टाळ्या पडल्या नाहीत, पण हॅडवेबाईंनी कुचेराला थांबवलं. मग म्हणाल्या, की त्या दिवशी घर बघून जाताना मी जिन्याचा कठडा थोपटला तेव्हाच त्यांना वाटलं होतं, ही बाई नुसतं घर बघायला आलेली नाही. दगड उलटायचा की नाही हे तुम्हीच ठरवा, पण आधी उचलून खालची बाजू तरी बघू, असंही म्हणाल्या.

कुचेराने दगड उचलून भिंतीला टेकवला. दादा, खालची बाजू सपाट नाही. तिथेही खळगा आहे, आपल्यापेक्षा खोल. कुचेरा म्हणाला, हा दगड पूर्वीच कोणीतरी उलटलाय. तुमच्याआधी या गल्लीत आम्ही चेक लोक होतो, माझी आजीसुद्धा इथेच कुठेतरी पायरी घासायची.

हे तुला कळवू की नको, यात माझे दोन दिवस गेले. पायरी जशीच्या तशी आहे, असं लिहिलं असतं तर तुझं भाषण वाचलं असतं, आणि मी अजून थोडं रडले असते तर कदाचित तू आलाही असतास. पण थाप मारून आणलेल्या भावाबरोबर मला राहायचं नाही. तो डब्यातलं सूप पीत लांब राहिलेला बरा.

दगड अजून भिंतीला टेकलेला आहे. कुठली बाजू वर घ्यायची, हे कुचेरा एकतीस तारखेच्या ईस्टरआधी विचारायला येईल. करार एक तारखेला.

तू ये अथवा येऊ नकोस, लोभ माझ्याकडून कमी होणार नाही.

टीनी


क्लीव्हलँड,
२६ मार्च १९९१

चि. टीनी हिस,
अ. उ. आ.

तो दगड बाबांनी उलटला. मी तेव्हा हजर होतो.

आपण त्या घरात आलो ते अडतीस साली. तू पाच वर्षांची, शेजारच्या पायरीवर झोपलेली. मी अकराचा. बाबांनी पहार लावली आणि मी खाली लाकूड सरकवलं. वरचा खळगा बघून आई म्हणाली होती, की कुणा बाईचे गुडघे गेलेत यात. बाबा म्हणाले, असतील, आपण आपली सुरुवात कोऱ्या बाजूने करू. माझं बोट चेमटलं होतं, ती नखावरची रेघ अजून आहे. हे सगळं मला ठाऊक होतं, टीनी. पण शंभर सभांत मी ते बोललो नाही. पहिल्यांदा जाणूनबुजून वगळलं, मग खरंच विसरलो. टाळ्यांची सवय वाईट.

रस्त्याचा अन्याय मी माफ केलेला नाही. बाबांचं घर गेलं ते गेलंच, आणि त्याबद्दल मी हॅडवेबाईंच्या उघड्या विटांसमोर उभा राहूनही बोलेन. त्यांना आधीच सांगून ठेव. पण त्या दगडावर मालकी सांगायचा हक्क मला नाही. आपण ज्यांना खाली घातलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

करारावर माझं नाव घाल. मोठी खोली तुझी. फुलांचा कागद एका तरी भिंतीवर लावू, आईसाठी.

कुचेराला सांग, त्या चेक बाईची बाजू वर घे. त्रेपन्न वर्षं तिने मातीच पाहिलीय. बर्फासाठी बाजूला लोखंडी कठडा लाव म्हणावं, तो मला तसाही लागणारच.

शनिवारी दुपारच्या बसने पोचतो. बादली भरून दारात ठेव, पूड आण, आणि घासायचा दगड तुझ्याकडे नसेल तर शेजारी माग, ओळखही होईल. गुडघ्यांखाली घ्यायला उशी मात्र मी माझी आणतोय.

लोभ घेऊन येतोय, जागा करून ठेवावी.

दादा