पडद्यामागचा चाबूक

सोमवार, ता. ११ जानेवारी १९५४
पूर्णेला इस्टेशनामागं तंबूतला सिनेमा बघून आलो. गडी पडद्याम्होरं, बाया-लेकरं पडद्यामागं. त्यांना समदं उलटं — उजवं ते डावं! जमीनदार बायकूला चाबकानं मारतो, लोक शिट्ट्या मारतेत. रझाकारी बघितली आमी, ह्याचं काय कौतुक! लेक ग्यानबा मातर डोळे फाडून बघायलता.

मंगळवार, ता. १२
नात तानू. सहा वर्साची. काल मायजवळ पडद्यामागं बसली हुती. आज चिंधीच्या बाहुलीला सुतळीनं मारायली — डाव्या हातानं!
"आगं, तू तर उजवी."
"आबा, त्यो डाव्यानंच मारत हुता की!"
सून मनकर्णा लय हसली. म्या बी.

शुक्रवार, ता. १५
ग्यानबा रोज सिनेमाला. बैल तसेच उपाशी.

रविवार, ता. १७
भाकर करपली. ग्यानबानं तानूम्होरं मनकर्णाला आसुडानं मारलं. आधी कधी हात उचलला न्हवता. तसंच उभं राहणं, तसंच हसणं — पडद्यावरच्या जमीनदारावानी. म्या खांबापाशी बसलो हुतो. खोकलो. म्हणलो, "बोभाटा नको." थांबला. मग जेवलो.

बुधवार, ता. २०
पुन्हा मारलं. बोभाटा नको म्हणलो.

शनिवार, ता. २३
शेजारची धुरपताबाई वट्ट्यावर आली.
"दादा, सून मरंल एखाद्या दिवशी. लेकाला आवरा."
"सिनेमाचं खूळ हाय. तंबू उठला की उतरंल."
"आन् न्हाई उतरलं तर? तुमी काय खांब हाव का घराचा, नुसतं उभं राहायला?"
लय तोंडाळ बाई!

सोमवार, ता. १ फेब्रुवारी
तंबू उठला. सामान गाड्यांत भरून नांदेडकडं गेलं. सुटलो एकदाचे!

शुक्रवार, ता. ५
मनकर्णाचा हात सुजलाय. पाणी तानूनं आणलं. ग्यानबा म्हणतो, पडली. मनकर्णा बी म्हणती, पडली. म्या काई इचारलं न्हाई.
हरभरा बरा हाय यंदा.

मंगळवार, ता. ९
तानू अंगणात खेळायली. बाहुलीला सुतळीनं मारायली. उजव्या हातानं.
मग सुतळी टाकली. खांबापाशी आली, माझ्यावानी मांडी घालून बसली. खोकली.
बाहुलीकडं न बघता म्हणली, "बोभाटा नको."