तेल्हाऱ्यातलं थंड घर

२० फेब्रुवारी २००५
स्लॅबच्या फळ्या निघाल्या. तेल्हाऱ्यात स्वतःचं घर, तेही वयाच्या पस्तिशीच्या आत. जिनिंगमधले बाकीचे कापूस ग्रेडर अजून भाड्याच्या टिनाखाली भाजून निघतात.
साधना परतवाड्याला, माहेरी. पहिलं बाळंतपण. मुलगी महिन्याची झाली. फोनवर साधनाने सांगितलं, मे महिन्यात घर थंड असन तरच पोरीले घेऊन येईन, नाही तर पाऊस पडल्यावर. पावसाची वाट कोण बघतो? मी पोरीला आतापर्यंत दोनदाच बघितलं आहे.
कूलर बाद. लोडशेडिंगमध्ये कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. इन्सुलेशनच हवं. संकल्प: सगळी मटेरियल्स स्वतः अभ्यासून शास्त्रशुद्ध निर्णय घेणे. कुणाचं ऐकणे नाही.

२७ फेब्रुवारी
अकोल्याला गेलो. ग्लासवूल बघितलं. दुकानदार म्हणाला, एकदम टॉप माल, हात लावून पाहा. लावला. एसटीत बसून तेल्हाऱ्यापर्यंत कोपरापर्यंत खाजवत आलो. बाजूच्या बाईने जागा बदलली.
तान्ह्या लेकराच्या घरात खाज येणारी वस्तू? कदापि नाही. बाप म्हणून माझी काही जबाबदारी आहे.

६ मार्च
थर्माकोल. शेजारच्या ललिताबाईंनी स्लॅबखाली चिकटवलंय म्हणून बघायला गेलो. अर्धं खाली आलेलं, उरलेल्यात मुंग्या. त्या म्हणाल्या, भाऊ, थंड त हाय, पण रोज झाडा लागते. बाद.

१९ मार्च
पुन्हा अकोला. पफ पॅनल. एजंटने विचारलं, संत्री ठेवायची की आलू? मी म्हटलं, बायको. तो हसला नाही. ते कोल्ड स्टोरेजचं निघालं. भावही तसाच.
घरी आलो तर नासिर मिस्त्री वाट बघत होता. म्हणे, भाऊ, ठरवा ना आता, प्लायचं फॉल सीलिंग ठोकून देतो, वरच्या पोकळीत तुमी काय भराचं ते भरा. शास्त्रात घाई चालत नाही, हे कारागिराला कळत नाही. पण पोकळीची कल्पना वाईट नाही.

३ एप्रिल
सापडलं!
जिनिंगमध्ये ओमप्रकाशशेठच्या शेडच्या कोपऱ्यात कवडी पडून आहे. डागाळलेला, पिवळा, सरकीसकट कापूस. यंदा चांगल्यालाच भाव नाही, कवडीला कोण विचारतो? शेठ म्हणाले, ने बाबा, जागा तरी मोकळी होईन. आणि मी गादीकडे बघतो तसा त्या ढिगाकडे बघत राहिलो. गादीत काय असतं? थंडी अडते ती कशाने? मग ऊन का अडणार नाही?
अख्खं वऱ्हाड ज्यावर बसलंय ते कुणाला सुचलं नाही. मला सुचलं. बारा वर्षं कापूस बघतोय, उगीच नाही.

४ एप्रिल
एक बारीक अडचण. साधनाने लग्नाच्या वेळी मला एकच गोष्ट मागितली होती: घरात कापूस ठेवाचा नाही.
सासरे नत्थुजी हिवरखेडला शेती करायचे तेव्हाची गोष्ट. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचे. सगळेच ठेवतात. दोन खोल्या आढ्यापर्यंत, आणि त्यातच वर चढून पोरांनी झोपायचं. साधनाच्या आईला, जमुनाबाईंना, दम्याचा त्रास. एका उन्हाळ्यात त्या गेल्या. आता सासरे शेती सोडून परतवाड्याला मुलाच्या दुकानात बसतात. साधनाने पोरीचं नावही जमुना ठेवलं. मला एखादं मॉडर्न नाव चाललं असतं, पण माझं कोण ऐकतो.
नीट विचार केला. ती म्हणाली घरात. सीलिंगच्या वर म्हणजे घरात नव्हे. शिवाय तो कापूस विकायला ठेवलेला असतो, हे मटेरियल आहे.
तिला सध्या सांगायचं नाही. तिला उगीच आठवणी येतील.

१७ एप्रिल
भरलं. प्लायचं सीलिंग ठोकून वरच्या पोकळीत कवडी, मी आणि नासिर, तोंडाला रुमाल बांधून. सरकीला किडे होतात हे मला ग्रेडर म्हणून माहीत आहेच, म्हणून डांबरगोळ्या टाकल्या. भरपूर. नासिर म्हणाला, आयडिया एक नंबर हाय, मी आता सगळ्याइले हेच सांगून राहिलो. त्याला म्हटलं, सगळ्यांना सांग, फक्त परतवाड्याला नको.

१ मे
बाहेर वणवा. आत चक्क गारवा! थर्मामीटर दोनदा झटकून बघितला. साधनाला फोन केला, सीलिंग करून वर इन्सुलेशन भरल्याचं सांगितलं. तिने विचारलं, काय भरलं वर? मी म्हटलं, नॅचरल फायबर. ती म्हणाली, महाग असन. मी म्हटलं, तुम्हा दोघींपेक्षा काय महाग?
असं बोलायला मला आधी कधी जमलं नव्हतं.

१४ मे
आल्या! नत्थुजी सोडायला आले होते, चहा पिऊन गेले. साधना प्रत्येक खोलीत फिरली. भिंतीला गाल लावून उभी राहिली. म्हणाली, तुमी एवढं करसान असं मले वाटलं नव्हतं. मग रडायला लागली. मीही.
जमुना पाळण्यात. मूठ उघडून माझं बोट धरलं. आयुष्यात यापुढे काही नको, असं आज खरोखर वाटलं.

१६ मे
पोरीच्या अंगावर लाल पुरळ. घामोळं असणार. साधना म्हणते, एवढ्या थंड घरात घामोळं? मी म्हटलं, परतवाड्याचं राहिलेलं असेल.

१७ मे
साबण बदलला. पाणी उकळून घेतलं. पोर ठसकते. प्रवासाचा शीण.
डांबरगोळ्यांचा वास येतो का, असं साधनाने विचारलं. मी म्हटलं, नव्या घराला येतोच.

१८ मे
पोर दूध सोडून श्वास ओढत होती. छातीतून शिट्टी येत होती. अकोटला डॉक्टरकडे नेलं. औषध दिलं, बरं वाटलं. घरात धूळबीळ आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, नाही.
साधना माझ्याकडे बघत होती.

१९ मे
दुपारी पाळण्यात लाल किडा पडला. मग दुसरा. साधना लहानपणापासून त्यांना ओळखते. तिने वर बघितलं. झाडूचा दांडा घेतला आणि प्लायच्या फटीत खुपसला. पिवळा कापूस खाली आला, थेट पाळण्याच्या काठावर.
तिने तो उचलला, वास घेतला. आरडाओरडा करेल वाटलं होतं. मी म्हटलं, ही नुसती कवडी आहे. म्हटलं, उद्याच काढतो.
ती म्हणाली, माह्या मायलेही बाबा असंच म्हणत, येत्या हप्त्यात काढतो.
अकोटवरून परतवाड्याची एसटी मिळते. ती पोरीला घेऊन निघाली, मला स्टँडपर्यंतही येऊ दिलं नाही.

२२ मे
चूक मटेरियलची नाही, सरकीची. सरकी काढलेली नुसती रुई वापरली असती तर
हे वाक्य पूर्ण करणार नाही.

२९ मे
सगळा कापूस काढला. एकट्याने. शेवटचं प्लायही उतरवलं. घर टिनाच्या खोलीसारखं तापतंय. पाळण्याजवळ बसलो आणि मोठ्याने रडलो. पोरीचा तो श्वास कानातून जात नाही.

३ जून
परतवाड्याला गेलो. साधना बाहेर आली नाही. नत्थुजींनी दुकानाबाहेर स्टूल दिलं. एक गिऱ्हाईक आटोपलं. मग म्हणाले, जवाईबापू, पोरगी माह्या घरीही दहा वर्षं बोलली नाही माह्याशी. मी त थो कापूस भाव आला तेव्हाही इकला नाही. जाळला.
जमुनाचं रडणं ऐकू आलं. साधं, भुकेचं. दुकानामागच्या त्यांच्या घरावर नुसती टिनं आहेत, तरी तिची छाती तिथे मोकळी आहे.

९ जून
पीसीओवरून फोन केला. या वेळी साधनाने घेतला. मी सांगितलं, वर आता काहीच नाही, कापसाचं बोंडही नाही. ती म्हणाली, थेही तुमीच सांगून राहिले.
मी म्हटलं, मग येऊन बघ. स्वतःच्या डोळ्याने बघ.
ती म्हणाली, पोर झोपली हाय, ठेवते.
पाळणा तिथेच ठेवला आहे. त्याच्यावर नुसता स्लॅब आहे. हे तिने आत येऊन बघितलं तरच तिला पटेल. आणि पटल्याशिवाय ती आत येणार नाही.