साच्यावरचा लंगडा विंचू

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९७३

घेतला! अडकित्ता घेतला!

पोराचा हात मोडला म्हणून अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले, आणि बाहेर भंगारवाल्यापुढं फतकल मारून बसले. उत्तरेश्वर प्लास्टरातला हात सावरत म्हणाला, "माय, तू मला बघायला आलतीस का बाजाराला?" दोन्हीला, म्हणलं.

लोखंडी आहे, जुना, जड. मिटला की तोंड गच्च बसतं. सुपारी मात्र फुटेना. तोंडात दोन्हीकडं वाटीसारखे खळगे — सुपारी त्यात पाळण्यातल्या लेकरासारखी गुमान बसते. लोहाराची लेक, लोहाराची सून, आणि मला अडकित्ता कळेना.

बुधवार, ७

कळला. लाडवाचा साचा! तलावाच्या दुष्काळी कामावर सुकडीचं गोडसर पीठ मिळतं ते नातवंडं खाईनात. चिंच लावून खळगे घासले, सुकडी दाबली — बोराएवढे गोल लाडू! उड्या मारून खाल्ले. सून गीता हसली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललंय.

लिहून ठेवते. आमच्या लोहार-सुतारांच्या सोसायटीनं तलावावरच्या कुदळी शेवटायचं काम घेतलंय. दिवसभर खडकावर आपटून बोथट होतात, त्या तापवून परत टोक काढायचं. उत्तरेश्वर तिथं बसायचा. आता त्याचा हात कधी बरा होणार, देव जाणे. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव सांगून गेले — येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी तुमच्या घरचं कुणी बसलं नाही तर जागा दुसऱ्या घराला. पाऊस नाही, नांगर नाही, गावात लोहाराला दुसरं काम नाही. जागा गेली की चूल गेली.

गीता म्हणाली, "मी बसते, आत्याबाई."

मी म्हणलं, भाता ओढ, घण घाल, पण सांडशी धरून ऐरणीपुढं बाई बसत नाही. ऐरण बाटते. कुणी सांगितलं, तिनं विचारलं. आता कुणी म्हणून सांगू? सगळेच सांगतात!

शुक्रवार, ९

शेजारगल्लीचे आसारामबुवा उत्तरेश्वरची चौकशी करायला आले. म्हातारे लोहार, लई कामसू. लाडू दिला. लाडू कशात केला ते कौतुकानं दाखवलं — तर बुवांनी तोंडातला लाडू हातावर काढला!

"वहिनी, हा बंदुकीच्या गोळ्या ओतायचा साचा हाय. शिसं वितळून ह्यात ओततेत. रझाकाराच्या वक्ताला असले फिरत व्हते."

घ्या! आजी नातवंडांना गोळ्या चारायली! पोरं तर खूश. एकही लाडू खाईनात, सगळे एकमेकांवर झाडत अंगणभर मरून पडायलेत.

बुवा साचा घेऊन उन्हात गेले ते परत येईनात. जोड बघा म्हणे, केस जायचा नाही. असं काम कुणाचं ते कळेना. मुठीच्या आतल्या अंगाला खूण ठोकलीय. मला खेकडा वाटला. गीता म्हणाली विंचू. एका बाजूला पाय चार, दुसऱ्या बाजूला तीनच.

बुवा म्हणाले, लोहार चांदणी ठोकतो, त्रिशूळ ठोकतो. "इंचू तर बाया गोंदतेत!" सगळे हसले. सगळ्यात जास्त मी.

रविवार, ११

परळीच्या रस्त्यावरचे लोहार पालथे घातले. एक म्हणाला हे आमच्या आज्याचं काम. दुसरा म्हणाला आमच्या सासऱ्याचं. चांगली वस्तू दिसली की सगळ्यांना नातं आठवतं. विंचू कुणालाच आठवेना.

वाटेत सुंदरराव भेटले. गीता त्यांच्याकडं जाऊन आली म्हणे. "तुमी हो म्हणा, माझी ना न्हाई. पर घरातलं जुनं माणूसच न्हाई म्हणायलं तर मी कसा बसवू?"

म्हणजे गाठ माझ्याच पदराला. मी काय करावं? त्यांना विंचवाचं विचारलं. कपाळाला हात लावून गेले.

सोमवार, १२

गीता बोलत नाही. भाकरी मात्र माझीच आधी वाढते. त्याचा जास्त त्रास होतो.

बुधवार, १४

धर्मापुरीला माहेरी गेले. साचा पिशवीत — भावाला दाखवायला. मायला कशाला, ती पार वाकलीय, आणि तिला काय कळतंय त्यातलं! भाऊ उलटासुलटा करत होता. भिंतीला टेकलेल्या मायनं हात लांबवला. "आन इकडं."

तिच्या मनगटावर विंचू. इकडं चार पाय, तिकडं तीन! लहानपणी गोंदताना दुखलं म्हणून हात सोडवून पळाली, एक पाय राहिलाच. ह्याच हातानं मला भरवलं, ह्याच हातानं बदडलं. विंचवाचे पाय मात्र मी कधी मोजले नाहीत. गावोगाव शोधत फिरले, शहाणी!

मायनं साचा उघडून खळग्यात बोट फिरवलं. "उजवी वाटी जरा खोल गेली. बारीक कानस न्हवती."

 रझाकाराच्या वक्ताला मी सासरी होते. तीच सांगत गेली. "तुजा बाप रझाकाराच्या भ्यानं बार्शीकडं गेलता. गावची माणसं आली, साचा पायजे म्हणली. घरात कोण व्हतं? मी बसले."

"ऐरणीपुढं?"

"मग काय चुलीपुढं?"

परत का बसली न्हाईस, विचारलं.

"तुजा बाप आला. त्याची जागा त्याला दिली." साचा मिटला, उघडला, मिटला. "हात लई दिवस शिवशिवायचे."

त्याच ऐरणीवर बापानं पुढं जन्मभर काम केलं. भाऊ आजही करतो. माझ्या लग्नातली विळीसुद्धा तिथलीच. बाटायचं ते कधीच बाटून, धारही लागून गेलंय!

एसटीत हसूच आवरेना. शेजारची बाई सरकून बसली.

सोमवार, १९

गीता ऐरणीपुढं, मी भात्यावर. पहिली कुदळ निघाली. म्हणाली, "खूण काय ठोकू, आत्याबाई?" म्हणलं, मनगट बघू. कोंबडी! मोर सांगितला होता म्हणे, गोंदणारीनं कोंबडी काढली.

तलावावर आजपासून आमच्या कोंबड्या खडक फोडायल्यात!