माळ्यावर आठ दिवस, कोणाच्याही मदतीशिवाय

३ ऑक्टोबर
हर्षदाच्या मागच्या वर्षीच्या वहीत पानं कोरी होती. कार्टी फेकणार होती. मी घेतली. दुसरीत शाळा सुटली, पण साक्षरता वर्गात पहिली आले होते. वर्गात आम्ही तिघीच होतो, तरी पहिली ती पहिली. ही वही कोणी वाचायची नाही. वाचली तर हात मोडेन.

काल नातीच्या मोबाईलवर पिच्चर बघितला. एक माणूस, एक नाव, बाकी सगळा समुद्र. ना गाणं, ना भांडण. दोन तासांत गडी चार शब्द बोलला, त्यातल्या दोन शिव्या असाव्यात. शीड मोडतं, प्यायचं पाणी सांडतं, मग कच्चा मासा खातो आणि रडतो. अरे मेल्या, गेलास कशाला? माल न्यायचा नव्हता, मासे धरायचे नव्हते. नुसती हौस. घरी सांगून निघाला होता का, ते पण दाखवलं नाही.

शेवट यायच्या आधी चार्जिंग संपलं. हर्षदा हळहळली. मी म्हटलं, शेवट काय बघायचा? पोचला असेल एकटा. असल्या रडक्याला जमतं तर मला झोपेत जमेल.

४ ऑक्टोबर
घरात मिटिंग. माझ्याबद्दल, मला न विचारता. दिवाळी झाली की माझा गोरख आणि सून सपना भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. दरवर्षी मी आणि हर्षदा घरी राहतो. यंदा गोरख नाही म्हणतो. म्हणे आई, पावसाळ्यात दोनदा पडलीस. तू खोडाळ्याला सोनीकडे जा, हर्षदाला आम्ही भट्टीवर नेतो, घराला कुलूप.

हर्षदाची दहावी आहे. ती रडायला लागली. सपना भाकरी थापत राहिली. आतल्या गाठीची बाई. हे सगळं तिनेच शिजवलं असणार.

सोनी माझी लेक. वाईट नाही. पण तिच्या घरी टीव्ही आहे आणि वामन जावई आहे. दोन्ही दिवसभर चालू असतात.

मी म्हटलं, लाव शर्त. नागलीच्या शेतात राखणीच्या माळ्यावर आठ दिवस एकटी राहते. पाणी, पीठ, लाकडं एकदाच न्यायची. मी कोणाला हाक मारायची नाही. डुकरांपासून पीक पण राखते. जमलं तर मी घरात आणि हर्षदा शाळेत. नाही जमलं तर खोडाळा. गोरख हसला. म्हणाला, तिसऱ्या दिवशी हाक मारशील. मी म्हटलं, तुला नऊ महिने वाहिला तेव्हा कोणाला हाक मारली होती?

५ ऑक्टोबर
माळ्यावर आले. चारी खांब मी निवडले होते म्हणून उभे आहेत. छप्पर गोरखने घातलं म्हणून आभाळ दिसतं.

सामान: खाली पाण्याचा ड्रम. पिठाचा डबा. मीठ, मिरची, चहा-साखर, सुकट. गोफण. वही.

नाववाला पाण्याच्या डब्यावर खुणा करायचा. ते एक बरं होतं. मी ड्रमच्या आत कोयतीच्या टोकाने आठ रेघा ओढल्या. दिवसाला एक रेघ, थेंब जास्त नाही.

झोपेचं टेन्शन नाही. डावा कान गेलाय. चांगल्या उजव्या कानावर झोपलं की दुनिया बंद.

६ ऑक्टोबर, सकाळ
पोपट आले. गोफणीने दगड सोडला. पोपट बसून राहिले, दगड शेजारच्या जिवाच्या शेतात गेला. जिवा ओरडला, म्हातारे, कोणाला मारतेस? उत्तर दिलं नाही. एकटी म्हणजे एकटी.

काल दोनदा चहा केला, भांडी घासली. ड्रम आज बघितला तर काठापर्यंत. माझ्यासारखं काटकसरीने कोणी पाणी वापरत नाही.

७ ऑक्टोबर
काल डोकं धुतलं. पाणी अजून पहिल्या रेघेच्या वर. आमच्या पिढीला पाणी लागतच नाही. सपना दिवसाला चार हंडे उडवते आणि वर विहीर लांब आहे म्हणून कुरकुरते. तिला इथे आणून दाखवायला पाहिजे. पण कोणी यायचं नाही.

तिसरा दिवस संपला. हाक मारली नाही. गोरखचं तोंड बघायला पाहिजे होतं.

८ ऑक्टोबर
पीठ पण संपत नाही. कणसरीची कृपा. आमच्या घरात धान्याच्या भांड्यात मोजायला हात घालत नाहीत. धान्याची देवी रुसते, बरकत जाते. म्हणून मोजलं नाही. नुसतं बघितलं. डबा भरलेला.

एक गोष्ट. घरून आणलं ते पीठ मी जात्यावर दळलेलं, जाडं. आजची भाकरी मऊ झाली, गिरणीच्या पिठाची होते तशी. कणसरी हल्ली गिरणीवर जाते वाटतं. देवाच्या कामात नाक घालू नये. माळ्यावर उभी राहून मोठ्याने आभार मानले.

९ ऑक्टोबर
पाऊस. ओहोळ भरला, शेतातून लाल पाणी वाहायला लागलं. माळा डुलतोय. नाववाला अशा वेळी बोंबलला होता. मी नाही. थोडा आवाज झाला तो खोकल्याचा.

छप्पर गळतंय. वहीवर बसले म्हणून वही कोरडी आहे. बाकी काही कोरडं नाही.

एकदा हाक तोंडात आली होती. गोरखची नाही, सपनाची. नाव लहान आहे म्हणून. परत गिळली.

१० ऑक्टोबर
उठले तर छपरावर निळी ताडपत्री. वाऱ्याने आणली. चारी कोपरे दोरीने बांधलेले, आणि गाठी सपना लाकडाच्या भाऱ्याला मारते तशा. वारा काय, कोणाकडूनही शिकतो.

ह्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं. केला तर शर्तीत घोळ होईल.

११ ऑक्टोबर
डुकरं एकदाही आली नाहीत. मला घाबरतात.

ड्रमपाशी चिखलात पावलं. माणसाची, अनवाणी, उजवी करंगळी बाहेर गेलेली. सपनाची करंगळी अशीच आहे. पण अर्ध्या तालुक्याची असेल. पायाने पुसून टाकली. गोरखने बघितली तर उगाच शंका घ्यायचा. बापासारखा संशयी आहे.

उद्या आठवा दिवस. मग घरी जाऊन सपनाला दोन शब्द सुनावायचे. माणूस एकटा कसा जगतो त्याबद्दल. मुद्दे काढून ठेवलेत.

१२ ऑक्टोबर, सकाळ
उजव्या कानाला मुंगी चावली. म्हणून रात्री डाव्यावर झोपले. उजाडताना खाली ड्रमपाशी खुडबुड ऐकू आली. धुकं होतं. काळं काहीतरी वाकलेलं. डुक्कर! गोफण फिरवली. आठ दिवसांत पहिल्यांदा नेम बसला. टण्ण वाजलं. डुक्कर म्हणालं, मेले गं बाई! मग बांगड्या वाजल्या.

सपना. हंडा खाली, अर्धं पाणी चिखलात, अर्धं तिच्या अंगावर.

मी म्हटलं, इथे काय करतेस? म्हणाली, पोहायला आले.
मी म्हटलं, शर्त मोडलीस. म्हणाली, तुम्ही झोपा ना आत्या, मग नाही मोडत.
मी म्हटलं, रोज येत होतीस? म्हणाली, रोज कणसरी येते, आज तिला सुट्टी. तुम्ही आभार मानत होतात ते जिवाच्या बांधापर्यंत ऐकू आलं.

विहिरीवरून इथे हंडा घेऊन चढायला पाऊण तास लागतो. मला माहीत आहे, मी चढलेय. मी म्हटलं, तुझी दया नको मला.

तशी ती उसळली. दया कोण करतंय? तुम्ही फेल झालात तर माझी पोर विटा उचलणार. मी सातवीत असताना उचलायला लागले, अजून उचलतेय. तुमच्यासाठी पेलाभर पण आणला नसता.

मी मुद्दे काढून ठेवले होते. एकही आठवला नाही.

तिने हंडा उचलला, पोचा आलेला चाचपला, उरलेलं पाणी ड्रममध्ये ओतलं. जाताना म्हणाली, आत्या, नेम चांगला आहे. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून आलेलं पहिलं कौतुक. ते पण असं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
गोरख न्यायला आला. ड्रममध्ये वाकून बघितलं. म्हणाला, आई, तू पाणी पीत नव्हतीस का? मी म्हटलं, आमच्या पिढीला लागत नाही. डोकं खाजवलं त्याने. म्हणाला, बरं, पास. राहा दोघी घरी. हर्षदा नाचली. सपना चुलीत फुंकत होती, वर बघितलं नाही. मी पण तिच्याकडे बघितलं नाही.

मी नीट विचार केला. नियम असा होता की मी हाक मारायची नाही. मारली नाही. न बोलावता आलं त्याला मदत म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. शर्त मी जिंकले.

२८ ऑक्टोबर
भट्टीचा ट्रक आला. गोरख आणि सपना गेले. सपनाने मला सांगितलं, मिठाचा डबा वर आहे. बस. हर्षदाशी मात्र कोपऱ्यात बराच वेळ कुजबुज.

संध्याकाळी हर्षदाने पिच्चरचा शेवट लावला. नाववाला नावेत आडवा पडलेला, तोंड उघडं. कोळ्यांची होडी येते. चौघंजण त्याला ओढून काढतात. एक बाई त्याच्या तोंडात पाणी घालते. तो घटाघटा पितो आणि तिच्याकडे बघत पण नाही. माजोरी माणूस. शेवट फालतू आहे. नव्हता बघितला तेच बरं होतं.

२९ ऑक्टोबर
उजाडायच्या आधी दार वाजलं. हर्षदा विहिरीवर निघालेली. आईने सांगून ठेवलंय, आजी उठायच्या आत पाणी भरायचं. मी डोळे मिटून राहिले. मी घर एकटीने सांभाळते, हे सगळ्या पाड्याला सांगून झालंय.

पोर परत आली. हंडा माझ्या अंथरुणासमोर ठेवला, पोचा माझ्याकडे करून. हे पण सांगून ठेवलेलं असणार.

ती आंघोळीला गेल्यावर उठले, हंडा फिरवला, परत पडले. उजव्या कानावर.

उठले तर पोचा माझ्याकडे.