धाड भरायच्या आधी

ती. आईस,

नमस्कार. आधीच सांगते, मी वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

बायकांना तपासणीची आठवण करून देणारं आमचं अ‍ॅप झालं एकदाचं. त्यात आम्ही ‘नंतर आठवण करून द्या’ असं बटण दिलं होतं. सगळ्या जणी तेच दाबून मोकळ्या! आमच्या डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. दवाखान्यातल्या बाकावर बायकांमध्ये जाऊन बसल्या आणि कारण विचारत राहिल्या. जी ती म्हणे, “मला काय धाड भरलीय?” मला वाटलं, तूच बोलतेयस.

बाईंनी तेच वाक्य बटणावर घातलं! दाबलं की आवाज येतो, “धाड भरायच्या आधीच यायचं असतं. कधी येताय?” बायका खुदकन हसतात आणि वार सांगून टाकतात. काय डोकं आहे गं या बाईचं!

मावशीची गाठ किती उशिरा कळली, ते आपण पाहिलं. तरी दादा म्हणतो, तू अजून तपासणीला गेली नाहीस. खरं का?

तो तुझ्या फोनवर अ‍ॅप घालून देईल. ते बटण तू दाबणारच. दाब खुशाल. त्यातला आवाज माझा आहे.

वार तेवढा सांग.

तुझी धाकटी