आजी, बस गं

चि. बाळ्यास,

तुझी लेक शाळेत हॉटेल चालवायचं शिकते, तर तू म्हणालास, "भांडी घासायला शाळेत घातली का?" काल तिची गिऱ्हाइकाला वाढायची परीक्षा होती आणि गिऱ्हाईक मी! गुडघे बोंबलत होते, तरी गेले बाई. गरम ताट समोर आलं. जेवून सवयीनं उठले, माझं ताट उचललं, शेजारणीचंही घेतलं. पोर धावत आली, कानात म्हणाली, "आजी, बस गं! तू उठलीस तर माझे मार्क जातील." पन्नास वर्षं ओट्याशी उभी आहे, 'बस' कुणी म्हटलं नव्हतं.

तिच्या पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर तुझ्या जागी मीच वेडीवाकडी सही केलीय. चिडशील, म्हणून हे पत्र पिठाच्या डब्याखालीच ठेवते; तिथं तुझा हात कधी जात नाही.

दमलेली, पण बसून जेवलेली,
तुझी आई