छत्तीसच्या रोलमधले त्रेचाळीस फोटो

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
११ जून १९९६

तीर्थरूप मामाजींस,

भाचा अतुलचा सविनय जयभीम. मामीजींनाही सांगावा. आपला गुडघा, मामीजींची शुगर आणि स्टुडिओतला पंखा यांच्या तब्येती आता कशा आहेत ते कळवावे. (पंखा मुद्दाम शेवटी लिहिला. मागच्या पत्रात तो पहिला आला होता म्हणून मामीजी आठवडाभर बोलल्या नाहीत असं कळलं.) कामठीत या दिवसांत काय ऊन असेल याची कल्पना आहे. इथे जून लागला तरी आई स्वेटर घालून बसते.

आपली दोन्ही पत्रं मिळाली आणि फोनही मिळाला. फोनवर आपण एवढंच विचारलंत की फोटो कुठं आहे, आणि मी श्वास घेईपर्यंत ठेवून दिलात. बरोबरच आहे. शोकेसमधली मधली जागा आपण माझ्यासाठी रिकामी केली आहे, तिथल्या तहसीलदारसाहेबांना खालच्या ओळीत उतरवलं आहे, दीड फुटाची फ्रेम आणली आहे आणि त्या फ्रेममध्ये तीन आठवडे नुसता पुठ्ठा लागलेला आहे. विहारात आपण सांगून बसलात की भाचा अमेरिकेत डॉक्टर झाला, फोटो येतो आहे. आपल्या वस्तीत विद्यापीठ नुसता कागद देतं, पदवी खरी होते ती तुमच्या शोकेसमध्ये लागल्यावर, हे मला पक्कं ठाऊक आहे. स्टुडिओतल्या खिळ्यावरचा तो एकच काळा गाऊन घालून आपल्या इथले दोन वकील, सात मास्तर आणि एक जनावरांचे डॉक्टर त्या काचेत गेले. उंचीप्रमाणे त्याला मागून टाचण्या मीच लावायचो.

तर मामाजी, फोटो निघाला आहे. एकच निघाला आहे. तो दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून सोबत पाठवत आहे, पण पुठ्ठे उघडण्याआधी पत्र पूर्ण वाचावे ही विनंती. (उघडलेत ना? ठीक आहे. बसून घ्या, पाणी प्या आणि मग पुढे वाचा.)

सुरुवात उपासनेपासून करतो, कारण नवऱ्याने बायकोपासून सुरुवात केली की दोष द्यायला बरं पडतं. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. तीन वर्षं ती खिडकीतून बर्फ मोजत होती, म्हणून गेल्या सप्टेंबरात मीच तिला इथल्या कम्युनिटी सेंटरमधल्या फोटोग्राफीच्या क्लासला घातलं. म्हटलं, तुमची भाचेसून आहे, घराण्याचं नाव काढील. पहिल्याच दिवशी ती खेळण्यातला कॅमेरा घेऊन घरी आली. खेळण्यातला हे मी रागाने म्हणत नाही, तो खरंच खेळण्यातला आहे. सगळा प्लास्टिकचा, भिंगसुद्धा. आपल्याकडे जत्रेत बटण दाबलं की पाणी उडवणारा कॅमेरा मिळतो, त्याचा हा थोरला भाऊ. त्याचं मागचं झाकण आपोआप निखळतं म्हणून चारी बाजूंनी काळी चिकटपट्टी लावावी लागते, तरी उजेड आत शिरतोच. अंतर जुळवायला वर चित्रं आहेत: एक डोकं, तीन डोकी, पुष्कळ डोकी आणि डोंगर. (आपल्या घरचा फोटो काढायचा तर थेट डोंगरावर ठेवावा लागेल.) फक्त एका गोष्टीसाठी तुम्ही त्याला मान द्याल. त्यात तुमचाच एकशेवीसचा रोल बसतो, मागच्या लाल खिडकीत आकडा बघत हाताने फिरवायचा, बारा फोटो. आणि फिरवायला विसरलं तर हा कॅमेरा अडून बसत नाही. एकावर एक कितीही फोटो काढा, निमूट घेतो.

क्लास घेणाऱ्या बाईंचं नाव रूथ. वय पासष्ट, पोस्टातून निवृत्त, कोटाच्या दोन्ही खिशांत असे दोन कॅमेरे. त्या आणि त्यांचे दहाबारा शिष्य या कॅमेऱ्यांवर फोटो काढून प्रदर्शनं भरवतात. मी एक पाहून आलो. कडा काळ्या, मधूनच उजेडाचा पट्टा गेलेला, आणि समोर घोडा आहे की ढग आहे हे खालची चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नाही. तुमच्या स्टुडिओत असला प्रिंट निघाला तर गिऱ्हाईक यायच्या आत तुम्ही तो फाडाल. इथे त्याला पांढरी चौकट करतात आणि लोक त्याच्यापुढे हाताची घडी घालून दहा दहा मिनिटं उभे राहतात. रूथबाईंचं म्हणणं असं की चांगला कॅमेरा आपण सांगू तेच करतो, हा त्याच्या मनाचं करतो, म्हणून तो भला. मी म्हटलं, आमच्याकडे असं करणाऱ्याला कामावरून काढतात.

आता माझं दुःख ऐका. सहा वर्षं मी ज्याच्यावर डोळे फोडले तो माझा विषयच मुळी हा, की प्लास्टिकच्या भिंगात कडेला जो धूसरपणा येतो तो घालवावा कसा. एकशे ऐंशी पानं लिहिली आहेत. उपासनेने हे मोठ्या कौतुकाने क्लासात सांगितलं. रूथबाईंनी माझा हात हातात घेतला आणि कुणी गेल्यावर भेटायला येतात तशा हलक्या आवाजात विचारलं, की घालवलेला परत आणता येतो का. सगळा क्लास आशेने माझ्याकडे बघत होता.

एप्रिलमध्ये आई आली. तिने तो कॅमेरा तळहातावर धरून तोलला आणि म्हणाली, "हा तं पावडरच्या डब्याहून हलका हाय रे." पण उपासना फोटो काढते म्हटलं की ती तुमच्या शिस्तीत बसते: पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवटी वर, श्वास बंद. रूथबाई रिलॅक्स म्हणतात, मी भाषांतर करतो, आई आणखी ताठ होते. तिचा काय दोष, जन्मात तिचे चार फोटो निघाले, चारही तुमच्याकडे. त्यातला एक तर काढलेलाही नाही, जोडलेला. बाबा गेल्यावर त्यांच्या गिरणीच्या कार्डावरचा फोटो कापून तुम्ही आईच्या शेजारी बसवलात तो. त्यातला सांधा मला आजवर सापडला नाही, आणि भिंगातून बघणं हाच माझा धंदा आहे.

एकोणीस मेला पदवीदान होतं. सकाळी निघायच्या गडबडीत उपासनेने आईला स्वयंपाकघरात खिडकीशी बसवून तिचा एक फोटो काढला. (हे वाक्य लक्षात असू द्या.) मी अर्थातच त्या डब्याच्या भरवशावर नव्हतो. शोकेसचं काम, तेही मधल्या जागेचं, म्हणून माझा जपानी कॅमेरा आदल्या दिवशीच पुसून, नवी बॅटरी आणि छत्तीसचा नवा रोल घालून तयार ठेवला होता. तो समारंभाला आलेल्या रूथबाईंच्या हाती दिला. उपासनेच्या गळ्यात तिचा डबा होताच. त्यांनी तो दोन बोटांत धरला, जशी मामीजी मेलेली पाल धरतात, पण मैत्रीखातर कामाला लागल्या. मी आणि आई, मी आणि प्रोफेसर, मी आणि झाड, मी आणि तेच झाड दुसऱ्या बाजूने. माझी चौकोनी टोपी मी आईच्या डोक्यावर ठेवायला गेलो तर तिने माझा हात धरला. "दुसरीत शाळा सुटली माही. मले नको लावू हे सोंग," म्हणाली. टोपी मी परत माझ्या डोक्यावर ठेवली.

छत्तीस झाले. सदतिसावाही निघाला. मामाजी, छत्तीसच्या रोलमधून सदतिसावा निघाला की आपल्या माणसाला जो आनंद होतो तो रूथबाईंना इंग्रजीत समजावणं शक्य नव्हतं. अडतीस निघाले तेव्हा मी ओळखीच्या दोघांना बोलावून त्यांचेही फोटो काढवले. चाळीस झाल्यावर वाटलं, अमेरिकेत सगळंच मोठं मिळतं, रोलही लांब असेल. त्रेचाळीसला मी कॅमेरा रूथबाईंच्या हातून घेतला. झाकण उघडलं. फिल्मचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. त्रेचाळीस वेळा बटण दाबलं गेलं आणि रोल आपल्या डबीत तस्साच कोरा झोपलेला. रोल भरला की बाजूची कळ फिरते का बघ, हे तुम्ही मला सहावीत असताना टपली मारून शिकवलं होतं. डॉक्टरेट मिळाली त्याच दिवशी मी सहावीत नापास झालो. समारंभ कधीच संपला होता, माणसं पांगली होती, आणि भाड्याचा गाऊन पाच वाजता परत करायचा होता तो केला.

मग आशा राहिली ती उपासनेच्या बारा फोटोंची. रूथबाई बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे रोल जवळजवळ तीन आठवडे पडून राहिला. गेल्या शनिवारी आम्ही तो त्यांच्या तळघरात धुतला. (फोटो धुण्याच्या हायपोचा वास कामठीत आणि इथे सारखाच आहे, मला एकदम मामीजींच्या हातच्या जेवणाची भूक लागली.) बारांपैकी चार खारी, दोन बूट, पाच संडासाच्या रांगेत गाऊन सावरून उभे असलेले डॉक्टर, आणि एक मी. तो एक तुमच्या हातात आहे. उपासना सकाळच्या फोटोनंतर रोल फिरवायला विसरली होती.

तुम्हाला समजावून सांगायला नको, तरी माझ्या विषयाची लाज राखायला सांगतो. मी उन्हाकडे पाठ करून उभा होतो म्हणून माझा चेहरा काळोखात गेला. आई खिडकीशी बसली होती, तिचा चेहरा उजळ. काळ्यात पांढरं उमटतं. त्यामुळे गाऊनच्या आतून तिची पांढरी साडी दिसते, आणि माझ्या चेहऱ्याच्या जागी ती आहे. गाऊन माझा, टोपी माझी, दोन्हीकडे बाहेर आलेले कान माझे, आणि मधोमध हनुवटी वर करून, श्वास रोखून, थेट समोर बघणारी आई. प्रिंट धुताना ट्रेमधल्या कागदावर ती हळूहळू वर आली तेव्हा आम्ही तिघांनी ट्रेवर डोकी घातली. मग रूथबाई म्हणाल्या, धिस इज द बेस्ट थिंग एनिवन इन धिस क्लास हॅज एव्हर मेड. मी म्हटलं, रूथ, माय मामा विल किल मी. उपासना म्हणाली, "अरे, पण बघ ना. आईंना टोपी किती परफेक्ट बसलीय."

तेच तर झालं ना. जी टोपी आईने नको म्हटली, तीच आम्ही तिला घातल्यासारखी झाली. फोटो दाखवला तेव्हा तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि आत घेऊन गेली. शनिवार संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत ती माझ्याशी बोललेली नाही. भाकरी वाढते, नको म्हटलं तरी आणखी एक वाढते, पण बोलत नाही. तिची थट्टा केली असं तिला वाटलं असेल तर मला या डॉक्टरेटचं काय करायचं ते कळत नाही. (तिचा प्रिंट तिच्याकडे आहे, तुम्हाला दुसरा काढून पाठवला आहे.)

तेव्हा मामाजी, आता सगळं तुमच्या हातात आहे. ज्याला जोडता येतं त्याला सोडवताही येत असेल. ब्लेड, पेन्सिल, रंग, जे लागेल ते वापरा, पण आईला तेवढं अलगद बाजूला काढा आणि मला मोकळा करा. माझा पासपोर्टचा फोटो सोबत आहे, चेहरा त्याच्यावरून घ्यावा. म्हणजे तुमची फ्रेम भरेल, आईचा राग जाईल आणि वस्तीत आपली मान वर राहील. मामीजींना जयभीम, आणि पंख्याला एकदा तेल घालून बघा.

आपला आज्ञाधारक,
अतुल

ता. क. वरची विनंती रद्द समजावी. गाऊन भाड्याने देणारं दुकान आमच्या घरापासून तीन मैलांवर आहे आणि ते रविवारीही उघडं असतं. मी कुठल्याही दिवशी जाऊन, गाऊन चढवून, अंगणात उभा राहून चेहरा स्वच्छ दिसणारे छत्तीस फोटो काढून घेऊ शकलो असतो. तीन आठवडे मी गेलो नाही, आणि शनिवारनंतर तर जावंसंच वाटत नाही. मधली जागा तुम्ही माझ्यासाठी ठेवली खरी, पण सहा वर्षं परीक्षेला बसलो तो मी, आणि त्याआधी वीस वर्षं दुसऱ्यांची धुणीभांडी केली ती आईने. आहे तसाच लावा. लोकांनी विचारलं तर सांगा, अमेरिकेत असंच काढतात. आईला मात्र मी अजून विचारलेलं नाही, भीती वाटते. आज जेवणानंतर तिला हे पत्र वाचून दाखवणार आहे. ती नाही म्हणाली तर पासपोर्टच्या फोटोवर काम भागवा.

ता. क. दुसरा. (वाचून दाखवलं. तिने पेन मागितलं. पुढचं तिच्या हातचं आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही.)

दादा, जयभीम. मी रागावली नाही. मी दोन दिवस फोटो पाहून राहिली होती. मले त्याच्यात मी ओळखू नाही आली पयले. मंग आली. हे पोरगं उगाच भेते. फोटो कापू नको. मधातल्या जागेवरच लाव. खाली नाव माहं लिव, गिरजाबाई, पुरं लिव. टोपी चांगली बसली हाय. कान तेवढे अतुलचे आले, ते पेन्सिलीनं पुसून टाक.